रॉकीजच्या उंच रानात मोठ्या म्यूल डिअर नराची शिकार

म्यूल डिअर हे खेचरासारख्या मोठ्या कानांचं अमेरिकन हरीण. त्याचा मोठा नर, म्हणजे पाच-सहा वर्षांचा, जाड शिंगांचा, खोल फाट्यांचा, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तो दिसत नाही याचं पहिलं कारण म्हणजे शिकारी फार चालतात. तुम्ही धारेवरून चालत असता तेव्हा समोरच्या उतारावर रवंथ करत बसलेला नर तुम्हाला आरामात बघत असतो, आणि तुमची पाठ वळली की उठून पलीकडच्या दरीत उतरतो. म्हणून सगळी आखणी एकाच हिशोबानं करायची. त्यानं तुम्हाला पाहायच्या आत तुम्ही त्याला पाहायचं, आणि पाहिल्यावर घाई करायची नाही.

इथे गृहीत धरलेला बेत असा: सार्वजनिक जमीन, पाठीवर तंबू, पाच ते सात दिवस, हातात रायफल. राज्यं म्हणजे कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, नेवाडा, आयडाहो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे. डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र परवाना काढून ती करता येते.

परवाना आणि टॅग

हे काम शिकारीच्या सात-आठ महिने आधी सुरू होतं. टॅग म्हणजे एका जनावराच्या शिकारीचा परवाना. कोलोरॅडोत हरणाचे टॅग मुख्यतः सोडतीतून मिळतात आणि अर्जाची मुदत साधारण एप्रिलच्या सुरुवातीला संपते. तिथे प्रेफरन्स पॉइंट चालतात, म्हणजे सोडतीत नंबर हुकला की पॉइंट मिळतो आणि जास्त पॉइंटवाल्याचा नंबर आधी. नेवाडात बोनस पॉइंटच्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणून तेवढ्या चिठ्ठ्या तुमच्या नावानं पडतात, त्यामुळे पहिल्या वर्षीही नशीब उघडू शकतं. मोठ्या नावाच्या युनिटसाठी, म्हणजे राज्यानं आखलेल्या शिकारीच्या विभागासाठी, पंधरा-वीस वर्षं पॉइंट साठवणारे लोक आहेत. नवख्यानं तसं करू नये. दर दोन-तीन वर्षांनी मिळणारा मध्यम युनिटचा टॅग घेऊन डोंगरात राहायला शिकणं जास्त फायद्याचं.

अर्ज करण्याआधी तीन गोष्टी पाहा. एक, १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, आणि इतर राज्यांतही असेच नियम आहेत. दोन, वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला केंद्र सरकारनं घोषित केलेल्या विल्डरनेस भागात, म्हणजे राखीव रानात, मोठ्या जनावराची शिकार करताना परवानाधारक गाइड किंवा त्या कामाचा मोफत परवाना काढलेला स्थानिक रहिवासी सोबत लागतो. नकाशावर सुंदर दिसणारी अर्धी बेसिनं, म्हणजे डोंगरांनी वेढलेल्या वाडग्यासारख्या दऱ्या, या एका नियमात बाद होतात. तीन, एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतूस बाळगायला एरवी मनाई आहे. कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्यातून सूट मिळते. मित्राची रायफल नुसती हातात धरण्याआधीही हा कागद खिशात हवा, आणि शंका असेल तर वकिलाला विचारावं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

ऋतूप्रमाणे नर कुठे असतो

जुलै-ऑगस्टमध्ये नर झाडांच्या रेषेच्या वर असतात. कोलोरॅडोत ही उंची साधारण १०,५०० ते १२,५०० फूट. वर रसाळ पाला असतो, वारा असतो, माश्या कमी असतात. वाढत्या शिंगांवर मऊ केसाळ कातडी, म्हणजे मखमल असते, ती दुखावू नये म्हणून नर दाट झाडीत शिरायला नाखूश असतात. शिवाय उन्हाळी अंगरंग तांबूस असल्यानं हिरव्या उतारावर ते मैलभरावरूनही उठून दिसतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मखमल गळते, रंग राखाडी होतो, आणि तोच नर त्याच उतारावर दगडांत मिसळून जातो. कोलोरॅडोच्या काही युनिटांत सप्टेंबरमध्ये उंच भागासाठी वेगळा रायफल सीझन असतो. बॅकपॅक शिकारीसाठी तो सर्वांत चांगला.

ऑक्टोबर सगळ्यांत कठीण. नर झाडीत उतरतात, दिवसा जेमतेम शंभर-दोनशे यार्ड हलतात, पहाटे आणि संध्याकाळी काही मिनिटंच उघड्यावर येतात. याच महिन्यात बरेच जण वैतागून घरी जातात. या काळात उघड्या बेसिनवर वेळ घालवू नका. त्यांच्याखालचे झाडी आणि गवत यांच्या सीमेवरचे पट्टे, जुन्या वणव्याच्या जागा आणि उतारावरचे पदर पाहा. पदर म्हणजे सह्याद्रीत असतो तसाच, कड्याखाली उतार जरा सपाट होऊन झाडी धरतो तो पट्टा. म्हातारे नर तिथे फार असतात.

नोव्हेंबरच्या मध्यापासून माज सुरू होतो. नर माद्यांच्या मागे असल्यानं सावधपणा सोडतो. मग नर शोधण्यापेक्षा माद्यांचे कळप शोधायचे आणि रोज पुन्हा तेच कळप पाहायचे. बर्फ पडला की जनावरं खाली सरकतात. वायोमिंगच्या रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत म्यूल डिअरचं स्थलांतर जवळपास १५० मैलांचं आहे. त्यामुळे ऑगस्टमध्ये पाहिलेला नर नोव्हेंबरात त्याच डोंगरावर असेल असं धरून चालू नये.

घरी बसून करायचा शोध

गुगल अर्थ आणि जमिनीची मालकी दाखवणारं ऑनएक्ससारखं अ‍ॅप, एवढं पुरतं. शोधायचं ते असं बेसिन, जिथे कड्याखाली सावलीच्या बैठका, शेजारी ओल्या जागेचं गवत किंवा विलोची झुडपं, खाली जवळ दाट झाडी आणि वर निसटायला एखादी खिंड आहे. वाटेपासून दोन-तीन मैल किंवा दीड हजार फूट चढण मध्ये असली की गर्दी एकदम घटते. अंतरापेक्षा चढण माणसांना जास्त गाळते. रस्त्याजवळची, पण अगदी उभी आणि पायवाट नसलेली घळही म्हणूनच तपासावी.

प्रत्येक बेसिनसाठी समोरच्या बाजूची बसायची जागा आधीच ठरवा. ६०० ते १५०० यार्डांवर, सकाळी सूर्य पाठीशी येईल अशी. तंबूची जागा धारेच्या मागे, बेसिनमधून न दिसणारी, आणि वारा तिकडे जाणार नाही अशी. अशी पाच-सहा ठिकाणं क्रम लावून ठेवा, कारण पहिल्या ठिकाणी दुसऱ्या कोणाची गाडी उभी असणारच. ड्रोननं टेहळणी बहुतेक पश्चिमी राज्यांत बेकायदा आहे, आणि अ‍ॅरिझोनात शिकारीसाठी ट्रेल कॅमेऱ्यालाही, म्हणजे झाडाला बांधून आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यालाही, २०२२ पासून मनाई आहे.

सामान, जिथे चुका होतात तेवढंच

सात दिवसांच्या सामानाचं वजन पाणी धरून ५० पाउंडांच्या आसपास ठेवा. पिशवी मात्र मांस वाहून आणता येईल अशा मजबूत फ्रेमची घ्या. नुसत्या हलक्या ट्रेकिंग सॅकचे पट्टे ८० पाउंडांखाली खांदे फोडतात.

झोपायची पिशवी १५ ते २० अंश फॅरनहाइटची. सप्टेंबरातही रात्री पाणी गोठतं. पोकळ तंतूंचा पाण्याचा फिल्टर एकदा आतून गोठला की निकामी होतो आणि बाहेरून ते कळतही नाही, म्हणून रात्री तो झोपायच्या पिशवीत घ्यावा. गॅसचं डबडंही तिथेच, कारण थंड डबड्याची आच निम्मी होते. ओढा कितीही स्वच्छ दिसला तरी जिआर्डिया या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा धोका असतो. न गाळता पिऊ नका.

खाणं दिवसाला पावणेदोन पाउंड, औंसामागे सरासरी १२० कॅलरी, म्हणजे साधारण ३३०० कॅलरी होतात. बाजारातली फ्रीझ-ड्राय पाकिटं चालतात, पण तिसऱ्या दिवशी ती गिळवत नाहीत. शेंगदाण्याची चिक्की, डिंकाचे लाडू, तूप आणि भाजलेल्या पोह्यांचा चिवडा हे वजनाच्या मानानं कुठल्याही एनर्जी बारच्या तोडीस तोड आहेत. मेतकूट आणि झटपट शिजणारा भात कडक थंडीत रात्री पोटाला बरा वाटतो.

उंचीचा त्रास तरुण आणि धडधाकट माणसालाही होतो. समुद्रसपाटीजवळून येत असाल तर ८,००० फुटांच्या आसपास एक-दोन रात्री काढा, मगच ११,००० वर झोपा. डोकेदुखीसोबत मळमळ आणि तोल जाणं सुरू झालं तर त्याच दिवशी खाली उतरा. दुपारच्या विजा हा उन्हाळ्याच्या शेवटी रोजचा प्रकार असतो. ढग चढायला लागले की धार सोडा. वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहोच्या ग्रिझली अस्वलांच्या भागात अस्वलाला पळवणारा बेअर स्प्रे कमरेला हवा, पिशवीत नव्हे. मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या.

दुर्बिणीनं रान चाळणं

पैसे कुठे घालायचे असा प्रश्न असेल तर आधी दुर्बिणीत, मग बुटांत, मग रायफलमध्ये. १०×४२ ची (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण गळ्यात, ट्रायपॉड, आणि त्यावर ६५ मिलिमीटरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं पाहायची शक्तिशाली दुर्बीण. वजन झेपत असेल तर १५×५६ ची दुर्बीण ट्रायपॉडवर लावण्यासारखं सुख नाही. ट्रायपॉडविना दुर्बीण वापरणारा माणूस हलणारी जनावरं पाहतो, बसलेली चुकवतो, आणि मोठा नर दिवसातला बराचसा वेळ बसलेला असतो.

उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेलं असावं. म्हणजे अंधारात चढायचं, घाम आला तर बनियन बदलायचं आणि जाडजूड जाकीट घालून स्थिर व्हायचं. पाठीला दगड, खाली बसकर. कुडकुडणारा माणूस अर्ध्या तासात उठून चालायला लागतो आणि तिथेच दिवस हातचा जातो.

पहिल्या उजेडात आधी १०× ने सगळा परिसर भरभर पाहा, उघड्यावर चरणारी जनावरं लगेच कळतात. मग मोठ्या दुर्बिणीनं पद्धतशीर. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करा, एक चित्र पाच ते आठ सेकंद धरा, मग एक तृतीयांश भाग पुन्हा येईल इतकंच सरका. डोळा काचेच्या मध्यावर खिळवू नका, चित्राच्या आत फिरवा. अख्खं हरीण शोधलं तर ते मिळणार नाही. झुडपांच्या उभ्या रेषांमध्ये पाठीची आडवी रेषा, पांढरा पार्श्वभाग, काळं टोक असलेली दोरीसारखी शेपटी, माशी हाकलणारा कान, शिंगाच्या टोकावर चमकलेलं ऊन, यांपैकी एखादा तुकडा दिसतो.

तोच उतार तीनदा, चारदा चाळा. हा भाग कंटाळवाणा आहे, आणि बहुतेक मोठे नर इथेच सापडतात. नऊच्या सुमारास नर पहिल्यांदा बसतात. दहा-अकराला ऊन अंगावर आलं की उठतात, अंग ताणतात, दोन-चार घास घेतात आणि सावलीच्या जागी पुन्हा बसतात. हा उठबशीचा खेळ दोन-तीन मिनिटांत संपतो. त्या वेळी तुम्ही चहा करत असाल तर संपलं. दुपारी कड्यांच्या आणि एकट्या झाडांच्या सावल्या तपासा, सावली सरकेल तशा. उन्हाच्या झळा उठल्या की स्कोपचं वर्धन कमी करा, ६०× वर चित्र नुसतं पाण्यासारखं हलतं. वारा असेल तर ट्रायपॉडचे पाय आखूड करा आणि मधल्या दांड्याला पिशवी लटकवा.

एका बेसिनला किमान दोन पूर्ण सकाळी आणि दोन संध्याकाळी द्याव्यात. लहान नर दिसत असतील तर आणखी थांबा. उन्हाळ्यात नर टोळीनं राहतात आणि टोळीतला म्हातारा सर्वांत शेवटी उघड्यावर येतो. एकही हरीण नाही, ताज्या लेंड्या नाहीत, चरल्याच्या खुणा नाहीत, अशी जागा मात्र लगेच सोडा.

नराची पारख

म्यूल डिअरचं शिंग दोनदा दुभंगतं: मुख्य दांड्याला फाटा फुटतो आणि त्या प्रत्येक फाट्याला पुन्हा एक. व्हाइटटेल या अमेरिकेतल्या दुसऱ्या हरणात एकाच दांड्यावरून टोकं वर येतात, त्यावरून दोघांतला फरक लांबूनही कळतो. पश्चिमेत एका बाजूची टोकं मोजतात आणि कपाळाजवळचं छोटं टोक बहुतेक जण धरत नाहीत, म्हणून पूर्ण वाढलेल्या नराला चार बाय चार म्हणतात.

मोजपट्टी म्हणजे कान. सावध होऊन पसरलेल्या कानांच्या टोकांतलं अंतर साधारण २१ इंच असतं. शिंगं दोन्ही बाजूंना कानांच्या चार-चार इंच बाहेर गेली तर रुंदी २८-२९ इंच. पण रुंदीला नवखे फार भुलतात. शिंगांच्या विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या बून अँड क्रॉकेट क्लबच्या मोजणीत मुख्य दांड्याची लांबी, प्रत्येक टोकाची लांबी आणि दर शिंगाचे चार घेर हे सगळं मोजलं जातं, रुंदी एकदाच. उंच, खोल फाट्यांचा २४ इंची नर उथळ फाट्यांच्या २९ इंची नराला सहज मागे टाकतो. त्यांच्या कायमच्या नोंदवहीसाठी सममित शिंगांना १९० आणि वेड्यावाकड्यांना २३० गुण लागतात. सममित शिंगांचा जागतिक विक्रम २२६ ४/८ आहे, १९७२ साली कोलोरॅडोच्या डोलोरेस काउंटीत मारलेल्या नराचा. सार्वजनिक जमिनीवर १६०-१७० चा नर मिळाला तरी तो फार चांगला समजावा.

गुणांपेक्षा वय पाहायला शिका. म्हाताऱ्या नराची छाती खोल, पोट लोंबतं, मान आणि खांदा एकजीव, पाय त्या मानानं आखूड, तोंड पांढुरकं, नाक फुगीर. तीन वर्षांचा नर कितीही देखणा असला तरी त्याची कंबर बारीक आणि पाय लांब असतात. दोन फसव्या वेळा लक्षात ठेवा: मखमलीत शिंग जाड दिसतं, आणि पाठमोऱ्या जाणाऱ्या नराची शिंगं नेहमी मोठी भासतात. एकदा तरी समोरून आणि बाजूनं पाहिल्याशिवाय ठरवू नका.

वारा, आणि जवळ जाणं

हालचाल दिसली तर नर थबकून पाहतो, आवाज आला तर कान टवकारतो. माणसाचा वास आला तर तो थांबत नाही, दरीच बदलतो.

डोंगरातला वारा उन्हावर चालतो. रात्री थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते, सूर्योदयानंतरही तासभर किंवा जास्त. उतार तापला की हवा वर चढू लागते. पूर्वेकडचे उतार आधी पालटतात, उत्तरेकडच्या सावलीतल्या घळींत खालचा वारा उशिरापर्यंत टिकतो. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा उलट. पालटण्याच्या मधला तास-दीड तास वारा कुठेही वळतो, आणि बहुतेक फसलेले प्रयत्न याच वेळात केलेले असतात. याशिवाय धारेवरून येणारा मोठा वारा पलीकडे उतरताना भोवरा करतो, म्हणून धारेच्या अगदी खाली बसलेल्या नराला मागून गाठणं अवघड. वारा कुठे वाहतो ते पाहायला पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी एक फुंक सोडा.

यावरून बेत आपोआप ठरतो. सकाळी नर दिसला की जागचे हलू नका. त्याला चरू द्या, बसू द्या, दुसऱ्यांदा सावलीत बसू द्या. तोवर दहा-साडेदहा झालेले असतात आणि वारा वर चढू लागलेला असतो. आता मागून वळसा घालून त्याच्या वर या आणि वरून खाली उतरा. हरीण बसल्या जागेवरून खालचा भाग जास्त पाहतं, आणि तुमचा वास तुमच्याही वर निघून जातो.

निघण्याआधी स्कोपमधून फोटो काढा. तो बसलेल्या झुडपाजवळची खूण, त्याच्या वरचा दगड, उजवीकडचं मेलेलं झाड, सगळं लिहा. अंतर मोजा, अ‍ॅपवर बिंदू टाका. पलीकडे गेल्यावर तोच उतार अजिबात ओळखू येत नाही. समोरून सपाट दिसलेला भाग प्रत्यक्षात तीन घळींत विभागलेला निघतो. जोडीदार असेल तर त्यानं जागेवर राहून नजर ठेवावी, मात्र वायरलेसवर शिकारीची माहिती देण्याला काही राज्यांत बंदी आहे, तेव्हा नियम वाचून घ्या. टोळीतली बाकीची जनावरं कुठे बसली आहेत तेही आधी मोजा. मोठ्या नराजवळ जाताना घात करतो तो बाजूच्या झुडपातला दोन वर्षांचा नर.

शेवटचे ३०० यार्ड दोन तासांत कापले तरी ते सावकाश झालं असं समजू नका. धारेवर उभं राहू नका, रांगत डोकं वर काढा. सैल दगडांच्या घसरणीवर पाय टाकू नका, वळसा परवडतो. वारा पालटला किंवा एखादी मादी तुमच्याकडे टक लावून पाहू लागली तर मागे फिरा. न हुसकलेला नर उद्या बहुधा त्याच बेसिनमध्ये असतो.

गोळी

.२७० विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, .३०८, .३०-०६, ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम, यांतलं काहीही पुरेसं आहे. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीचा इंचांतला व्यास), ७० ग्रेन वजनाची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा हा नियम आहे. रायफल सीझनमध्ये कमरेच्या वर ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची. तांब्याची गोळी घेतली तर मांसात शिशाचे कण राहत नाहीत.

रायफलचा नेम २०० यार्डांवर बसवा, आणि प्रवासानंतर गाडीतळाजवळ परवानगीच्या जागी पुन्हा दोन-तीन गोळ्या तपासा. बाकावरून झाडलेल्या गोळ्यांना इथे काही अर्थ नाही. पिशवीवर टेकून आडवं पडून, ट्रायपॉडवर बसून, आणि शंभर मीटर चढ पळून धाप लागलेली असताना सराव करा. अशा स्थितीत आठ इंची ताटलीत दहापैकी नऊ गोळ्या जितक्या अंतरावर बसतात, ती तुमची मर्यादा. बहुतेकांची ती ३०० यार्डांच्या आत येते. ताशी १० मैलांचा आडवा वारा तेवढ्या अंतरात गोळीला पाच ते सात इंच ढकलतो, त्यामुळे जवळ जाता येत असेल तर जावंच.

उतारावर नेम धरताना आडवं अंतर धरायचं. तीस अंशांच्या उतारावर ३०० यार्ड म्हणजे गोळीच्या हिशोबानं २६०. चांगला रेंजफाइंडर हे आपोआप दाखवतो. नर बसलेला असेल तर उठेपर्यंत थांबा, शिट्टी मारून उठवू नका. आडवा उभा असताना खांद्यामागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. किंचित पाठमोरा असेल तर पलीकडच्या पुढच्या पायावर नेम. समोरासमोर किंवा पूर्ण पाठमोरा असताना झाडू नका. आणि ट्रिगर दाबायच्या आधी बघा, तो पडेल तिथून त्याला बाहेर काढता येईल का. कड्यावरचा नर घरंगळला तर शिंगं फुटतात आणि मांसाचा चेंदा होतो.

गोळी सुटली की लगेच दुसरं काडतूस भरा आणि दुर्बिणीत पाहत राहा. जागा सोडण्याआधी नर उभा होता तिथली आणि शेवटचा दिसला तिथली खूण पक्की करा. तो तुमच्या डोळ्यांदेखत पडला नसेल तर अर्धा तास थांबा. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, तो जवळच असतो. काळपट लाल म्हणजे यकृत, आणखी दोन-तीन तास द्या. हिरवट, वास येणारा ओशट डाग म्हणजे पोट. मग सहा-आठ तास थांबणंच बरं, कारण पाठलाग केला तर तो मैलभर जातो आणि माग संपतो.

मांस

टॅग आधी, बाकी नंतर. तारीख, सही, राज्याचा जो नियम असेल तसं. खाण्याजोगं मांस सोडून फक्त शिंगं आणणं हा पश्चिमी राज्यांत गुन्हा आहे.

पोट न उघडता काम करण्याची पद्धत एकट्या माणसाला सोपी. जनावर कुशीवर ठेवा. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून कातडी चिरा आणि खाली सोलत न्या. पुढचा फरा हाडाच्या सांध्यानं जोडलेला नसतो, काखेतून सुरी फिरवली की सुटतो. मग कण्यालगतची लांब मांसपट्टी, मग मागची मांडी. तिचा खुब्याचा गोळा शोधून सुरीचं टोक आत घातलं की ती मोकळी होते. मान आणि फासळ्यांमधलं मांस खिम्यासाठी. सगळ्यात शेवटी, शेवटच्या फासळीमागून हात घालून कण्याच्या आतल्या बाजूची मऊ पट्टी. उलटवून दुसरी बाजू तशीच. नर असल्याचा पुरावा, म्हणजे वृषण, कोलोरॅडोसारख्या राज्यांत मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो. बदलत्या पात्यांची सुरी धारदार असते, पण सांध्यात पातं पिळलं की मोडतं आणि बोट कापतं. सांध्यासाठी साधी जाड सुरी वेगळी ठेवा.

मांस तीन गोष्टींनी जातं: उष्णता, ओल, माती. कातडी तासाभरात निघालीच पाहिजे. सगळ्यात आधी नासतं ते मांडीच्या हाडाजवळचं, कारण आतली ऊब तिथेच कोंडते. दिवसा साठ-सत्तर अंश फॅरनहाइट असेल तर तिथल्या तिथे हाड काढून टाका. श्वास घेणाऱ्या कापडी गेम बॅगमध्ये भरा, प्लॅस्टिकमध्ये कधीही नाही, आणि उत्तरेकडच्या सावलीत, ओढ्याजवळ, वारा लागेल असं फांदीला टांगा. वर कोरडी साय धरली की माशी बसत नाही. अस्वलांच्या भागात तंबूपासून किमान शंभर यार्ड लांब आणि दुरून दिसेल असं टांगा, म्हणजे परतताना कोणी ताबा घेतलाय का ते आधीच कळतं.

मोठ्या नराचं बिनहाडाचं मांस साधारण ६० ते ८० पाउंड, शिवाय डोकं. एकट्याच्या मांसाच्या दोन फेऱ्या आणि मुक्कामाची तिसरी. पाच मैल आत असाल तर हे पंचवीस मैलांचं चालणं होतं, त्यातले पंधरा ओझ्यासह. किती आत जायचं हे या गणितावर ठरवा. गाडीत दोन मोठे कूलर आणि गोठवलेले गॅलनचे पाण्याचे कॅन ठेवा. सुट्टा बर्फ टाकला तर मांस वितळलेल्या पाण्यात बुडतं.

राहिला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे सीडब्ल्यूडी. हरणांचा हा मेंदूरोग १९६७ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात पहिल्यांदा लक्षात आला आणि आता बऱ्याच राज्यांत पसरला आहे. तो प्रायॉननं, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनानं होतो, आणि शिजवल्यानं प्रायॉन मरत नाही. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असा अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला आहे. म्हणून कणा करवतीनं कापू नका, मेंदू आणि मज्जारज्जूला हात लावू नका. डोकं किंवा घशाजवळच्या लसिका ग्रंथी राज्याच्या तपासणी केंद्रात द्या. काही युनिटांत हे सक्तीचं असतं. बहुतेक राज्यांत मेंदू आणि कण्यासह जनावर सीमेपलीकडे नेता येत नाही, तेव्हा शिंगं कवटीच्या साफ केलेल्या तुकड्यासह कापून न्या. अहवाल येईपर्यंत मांसाच्या प्रत्येक पाकिटावर तारीख आणि टॅगचा क्रमांक लिहून ते फ्रीझरमध्ये वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि दोन शिकाऱ्यांचं मांस एकाच खिमा यंत्रातून काढू नका.